सोळा गाड्यांचा आकडा

अज्वा पोमाचा डावा हात मी मोडला. कोपराच्या खाली, पेटीच्या फळीने, एकाच फटक्यात. तेचिमानच्या आमच्या टोमॅटो आवारात आजही कुणी सांगतं की ती गर्दीत पडली, कुणी म्हणतं तिच्याच माणसांचा धक्का लागला. सगळं खोटं आहे. ती माझी मैत्रीण होती आणि मी नेम धरून मारलं.

आमच्या आवारात चाळीस बायका ठोक माल घेतात. उत्तरेकडून, कधी पार सीमेपलीकडच्या बुर्किना देशातून गाडी आली की एक बाई ती अख्खी गाडी उतरवून घेते आणि किरकोळवाल्यांना पेट्या विकते. गाडी कुणाची हे भाव ठरवत नाही, ओळख ठरवत नाही, घमेलं ठरवतं. भिंतीलगत चाळीस घमेली ओळीने मांडलेली असतात, प्रत्येकावर मालकिणीचं नाव रंगवलेलं. ज्या बाईचं घमेलं पहिलं, तिची गाडी. मग ते घमेलं उचलून रांगेच्या शेवटी जातं. बाई बाळंत झालेली असो, नाहीतर घरात नवऱ्याचं मढं असो, तिचं घमेलं पुढे सरकतच राहतं. घमेली सरकवायचं काम माझं. सतरा वर्षांत मी दुसऱ्या कुणाला घमेल्याला बोट लावू दिलं नाही. एकदा राणीच्या सख्ख्या बहिणीने आपलं घमेलं पायाने पुढे ढकललं, तेव्हा मी तिच्या कानाखाली जाळ काढला होता, आणि राणीने मलाच शाबासकी दिली होती.

राणी म्हणजे टोमॅटोची राणी, ताचिवा, टोमॅटोच्या बाजारात जिचा शब्द चालतो ती. कांद्याची राणी वेगळी, मक्याची वेगळी, पण त्या दोघी आमच्या राणीपुढे आवाज चढवत नाहीत. आम्ही तिला एनो म्हणतो, आईला म्हणतात तसं.

आता पोमाचं सांगते. पिकाच्या भरतीच्या दिवसांत आवारात रोज सहा-सहा गाड्या यायच्या, आणि एका वर्षी पोमाच्या दोन गाड्या उन्हात कुजल्या. त्या चिखलात घोट्यापर्यंत उभी राहून ती रडली. मग तिने डोक्यात घेतलं की थंड खोली बांधायची. आमच्यासारख्या ठोक व्यापाऱ्यांना बँका कर्ज देतात ते तीन महिन्यांचं. माल घेतला, विकला, पैसे परत केले, मोकळी झालीस. पोमाने मागितलं आठ वर्षांचं. आठ वर्षांचं कर्ज आवारात कुणाच्या आजीनेही ऐकलं नव्हतं. एकटीने जायचं धाडस होईना, म्हणून ती मला बरोबर घेऊन गेली.

बँकेत लाम्प्टे नावाचा साहेब होता, किनाऱ्याकडचा, गोड बोलणारा. त्याने पोमाच्या आईच्या घराचे कागद पाहिले, जागेचे पाहिले, मग पेन उघडलं.

"महिन्याला किती गाड्या उतरवता, मॅडम?"

"नंबर लागेल तशा," पोमा म्हणाली.

"नंबर म्हणजे?"

तिने त्याला घमेल्यांची रांग समजावून सांगितली. त्याने नीट ऐकून घेतलं, हसला नाही, हे मान्य केलं पाहिजे.

"घमेल्यांच्या भरवशावर बँक आठ वर्षं कशी काढणार? मला आकडा द्या. दर महिन्याला, बाराही महिने, कमीत कमी."

चांगल्या महिन्यात पोमाला चार गाड्या मिळायच्या. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सोळा."

बाहेर आल्यावर मी तिला चिमटाच काढला. "सोळा? चार बायकांचं एकटी गिळणार आहेस का, बये?"

"अगं, सांगायला काय जातंय? त्याला आकडा हवा होता, दिला. तो काय मोजायला येणार आहे?"

मीही हसले. आमची चूक झाली ती इथे, आणि ती आमच्याच लोकांची चूक. आवारात परक्या माणसाने किती विचारलं की आम्ही मोठा आकडा सांगतो, त्याचा मान राहावा म्हणून. तो खरा असावा असं सांगणाऱ्याला वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही वाटत नाही. बँकेने तो कागदावर उतरवला, पोमाने खाली सही केली, आणि लाम्प्टे दर महिन्याच्या शेवटी मोजायला आला.

पहिली दोन वर्षं निभावलं. भरतीत बाकीच्या बायका आपला उरलेला माल पोमाच्या नव्या थंड खोलीत ठेवायच्या, ती तो स्वतःच्या गाड्यांत धरून दाखवायची. तिसऱ्या वर्षी उत्तरेकडे किडीने पीक खाल्लं. दिवसाला एक गाडी, कधी तीही नाही. महिन्याला वीस-बावीस गाड्या आणि चाळीस घमेली. पोमाला सोळा हव्या होत्या.

ती रस्त्यावर गेली. किंतांपोच्या बाजूला पेट्रोल पंपापाशी गाड्या अडवून ड्रायव्हरला रोख देऊ लागली, आणि गाडी आवारात न येता थेट तिच्या थंड खोलीच्या दाराशी रिकामी होऊ लागली. बरोबर तिने तीन मॅचो ठेवले. मॅचो म्हणजे भाड्याचे पहिलवान, जमिनीच्या भांडणात नाहीतर निवडणुकीत वापरतात ते. त्यांच्यातल्या म्होरक्याला डिझेल म्हणत. मान नव्हतीच त्याला, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं.

रांगेत पहिलं घमेलं होतं फोसुआचं. फोसुआ म्हणजे मूठभर हाडांची बाई, तीन पोरं, नवरा परागंदा. तिचं घमेलं अकरा दिवस पहिलं होतं आणि अकरा दिवस गाडी नव्हती. बाराव्या दिवशी सकाळी ती सहा बायका घेऊन पंपावर गेली आणि रस्त्यात ओंडके टाकून उभी राहिली. मी मागून रिक्षाने पोचले तेव्हा गाडी थांबलेली होती आणि डिझेल खाली उतरत होता.

"बाजूला व्हा गं," तो म्हणाला. अगदी साधेपणाने म्हणाला.

"ही गाडी माझी आहे," फोसुआ म्हणाली. "जाऊन माझं घमेलं बघून ये."

त्याच्या हातात चाकाचे नट खोलायचा पान्हा होता. त्याने तो फोसुआच्या जबड्यावर मारला. आवाज ओल्या लाकडासारखा आला. ती बसली, मग आडवी झाली. तिचे दात डांबरावर पडलेले मी पाहिले, चार होते. बाकीच्या दोघा पहिलवानांनी उरलेल्या बायकांना केसांना धरून रस्त्याच्या कडेला फेकलं. एकीच्या पोटात लाथ बसली. ओंडके बाजूला करून गाडी निघून गेली, आणि फोसुआचं डोकं मांडीवर घेऊन मी तिथे बसले. माझ्या लुगड्यात तिचं रक्त इतकं मुरलं की ते नंतर जाळावं लागलं.

दुपारी मी पोमाकडे गेले. ती थंड खोलीच्या पायरीवर बसून केंके, आंबवलेल्या मक्याचा गोळा, खात होती. खात होती म्हणजे नुसती चिवडत होती.

"तुझ्या माणसाने फोसुआचा जबडा फोडला."

"कळलं मला. दवाखान्याचे पैसे पाठवलेत."

"पैसे? तिला आता खाता येत नाही, पोमा."

"मग काय करू मी?" ती ओरडली नाही, पण घास खाली ठेवला. "सांग ना. त्याला तीनदा सांगितलं, साहेब, पीक नाही, गाड्याच नाहीत. तो म्हणतो, कागदावर पिकाचं काही लिहिलेलं नाही. आईला घराबाहेर काढतील, आकुआ. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती."

"मग ते थंडीचं मशीन त्याच्या डोक्यात घाल आणि मोकळी हो."

"आठ वर्षांतली तीन झालीत. अजून पाच. मधेच सोडलं तर तीन वर्षांचं भरलेलंही गेलं आणि घरही गेलं." मग तिने माझा हात धरला. "तू माझ्याबरोबर ये. अर्धा माल तुझा. घमेली सरकवून तुला काय मिळतं गं? पाठदुखी?"

मी तो हात झटकला. मला खरंच राग आला, आणि त्याचं कारण सांगायला लाज वाटते. क्षणभर मला तिच्याबरोबर जावंसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी राणीने तिला बोलावलं. पोमा न सांगता दंड घेऊनच आली, एक बकरं आणि जिनच्या दोन बाटल्या. आम्ही सगळ्याजणी गोल करून बसलो होतो. फोसुआ दवाखान्यात होती, तिच्या जागी तिचं स्टूल रिकामं ठेवलं होतं.

"बकरं राहू दे," राणी म्हणाली. "गाड्या थांबव."

"एनो, दहा बकरी आणते. गाड्या थांबवता येणार नाहीत."

"कुणाला येणार नाहीत?"

"बँकेला."

"या आवारात राणी कोण? मी, का तुझा तो लाम्प्टे?"

पोमाने बकऱ्याची दोरी हाताला गुंडाळून घेतली. मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि राणीचा चेहरा दगड झाला. तिने माझ्याकडे बोट केलं. मी उठले, रांगेतून पोमाचं घमेलं काढलं आणि जमिनीवर पालथं घातलं. पालथं घमेलं म्हणजे ती बाई आमच्यासाठी मेली. तिच्याशी कुणी बोलणार नाही, तिच्याकडून कुणी घेणार नाही, आणि तिचं काहीही मोडलं तरी कुणी भरून देणार नाही. पोमाने पालथ्या घमेल्याकडे पाहिलं, बकरं सोडून दिलं आणि चालती झाली.

आम्ही शुक्रवारी पोमाच्या थंड खोलीवर गेलो, सकाळी दहाला, भर बाजाराच्या दिवशी. आवारातल्या बायका, त्यांच्या बहिणी, लेकी, जावा, मिळून दीडशे तरी. लुगडी कमरेला करकचून आवळलेली, कानातलं-गळ्यातलं घरी काढून ठेवलेलं. निम्म्यांच्या हातात उकडलेल्या कंदांचं फुफू कांडायची मुसळं, पुरुषभर उंचीची. निम्म्यांच्या हातात पेट्यांच्या फळ्या, खिळ्यांसकट. पुढच्या रांगेतल्या दहाजणींकडे वाटलेल्या मिरचीची भांडी. राणी मागे चिंचेच्या सावलीत खुर्ची टाकून बसली. तिचा हुकूम एवढाच होता, हातपाय मोडा, जीव घेऊ नका.

पहिलवान तिघेच, पण एकाकडे कोयता होता. दारापासून वीस पावलांवर आम्ही थांबलो, आणि डिझेल हसला. "काय गं आयांनो, स्वैपाक करायला आलात?"

पहिलं भांडं त्याच्याच तोंडावर गेलं. तो किंचाळला, दोन्ही हात डोळ्यांवर गेले, आणि पहिलं मुसळ त्याच्या गुडघ्यावर बसलं. तो खाली पडल्यावर मला तो दिसलाच नाही, नुसती वरखाली होणारी मुसळं दिसत होती, आणि बायका कांडताना धरतात तोच ठेका धरत होत्या. कोयतेवाल्याने आंधळेपणाने कोयता फिरवला. राणीच्या त्याच बहिणीची, जिच्या मी कानाखाली मारली होती, दोन बोटं उडाली. ती मागे हटली नाही. उरलेल्या हाताने तिने त्याच्या तोंडात मिरची कोंबली, आणि मग तिघी-चौघींनी त्याला गटारात दाबून धरलं. तिसरा भिंतीवरून उडी मारून पळाला. पळताना त्याची पँट काटेरी तारेत राहिली, आणि त्या सगळ्या रक्तात आम्ही हसलो. मीसुद्धा हसले.

दारात पोमा उभी होती. एकटीच. दोन्ही हात पसरून दोन्ही बाजूंच्या चौकटी धरलेल्या, डोक्याचं फडकं सुटलेलं. बायका तिच्यापुढे येऊन थबकल्या. पुरुषाला मारणं वेगळं. ही आमच्यातलीच होती, हिच्या पोरांची बारशी आम्ही जेवलो होतो.

"आकुआ," ती म्हणाली, "तू तरी सांग यांना. आत मशीन आहे नुसतं. पाच वर्षांनी ते आपल्या सगळ्यांचं होईल."

मागून राणीचा आवाज आला. "आकुआ, दार उघड."

मी फळी दोन्ही हातांत धरली आणि चौकटीवरच्या तिच्या डाव्या हातावर मारली. हाड मोडलेलं मला फळीतून कळलं, माझ्या तळहातापर्यंत आलं ते. पोमा ओरडली नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोण हे तिला आठवत नव्हतं, आणि मग ती चौकटीवरून खाली घसरली. तिच्या अंगावरून बायका आत गेल्या. मी बाजूला उभी राहिले, आणि कुणीतरी तिच्या बोटांवर पाय दिलेला पाहिला.

आत दोनशे पेट्या होत्या. सगळ्या फोडल्या. मशीनच्या नळ्या मुसळांनी चेचल्या, आतला वायू फुसफुसत बाहेर आला, दोघींना ओकाऱ्या झाल्या. एक पोरगी रॉकेलचा डबा घेऊन आली, जाळायचं म्हणाली. तेव्हा राणी पहिल्यांदा खुर्चीतून उठली. "इमारतीला हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि मला वाटलं, शहाणी बाई आहे, आग बाजारात पसरेल म्हणून सांगतेय.

पोलीस आले तेव्हा कुठलं रक्त आणि कुठला टोमॅटो हे त्यांना कळेना. पहिलवान डिझेल तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मेला. सगळ्याजणींनी एकच सांगितलं, तो पडला. दीडशे बायकांना आत टाकायला तेचिमानात तेवढी कोठडी नाही. डिझेलची आई आवारात आली होती. दोन तास घमेल्यांच्या रांगेपाशी नुसती उभी होती, आणि आमच्यातल्या एकीनेही तिला पाणी विचारलं नाही. मला त्या रात्रीपासून मुसळाचा आवाज सहन होत नाही. घरी आता फुफू कांडत नाही, विकतचं पीठ शिजवते.

पोमाचा हात वाकडा बसला. तिच्या आईच्या घरावर बँकेने लिलावाचा कागद चिकटवला, पण घर घ्यायला कुणी येईना. त्या कर्जाला खुनाची बाधा लागलीय म्हणत होते. मग दोन महिन्यांनी लाम्प्टे आवारात आला, राणीच्या पाया पडल्यासारखा वाकला, आणि म्हणाला की खोली उभी आहे, मशीन दुरुस्त होईल, पाच वर्षं उरलीत, कुणीतरी ते कर्ज आपल्या नावावर घेतलं तर म्हातारीचं घर वाचेल आणि आवाराला स्वतःची थंड खोली मिळेल.

राणीने सगळ्यांना जमवून विचारलं. सगळ्या हो म्हणाल्या. का नाही म्हणतील? पुण्य मिळत होतं आणि खोलीही मिळत होती. त्या दिवशी आम्ही नाचलो. मी सर्वांत जास्त नाचले, कारण मला वाटलं, आता पोमाच्या हाताचं काहीतरी चीज झालं. राणी सही करत होती तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते. लाम्प्टेने काही विचारलं नाही. कागद तोच होता, फक्त नाव बदललं.

सोमवारी सकाळी राणी रांगेपाशी आली.

"आकुआ, माझं घमेलं पुढे घे."

"एनो, तुमचं एकोणिसावं आहे."

"सोळा गाड्या होईपर्यंत पुढेच राहील. मग रांग आहेच."

"महिन्याला गाड्याच वीस येतात."

"मग चार रांगेला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग पोमाने काय वेगळं केलं होतं?"

"पोमाने चोरून केलं. मी विचारून करतेय."

"कुणाला विचारून?"

"तुला," राणी म्हणाली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यात जोर अजिबात नव्हता. "तू नाही म्हणालीस तर नाही. पण मग पोमाच्या आईला तूच जाऊन सांग की घर रिकामं कर."

मी घमेलं उचललं आणि पुढे ठेवलं. माझ्या हातांनी. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. कुणी काही बोललं नाही, कारण घमेलं मी हलवलं होतं, आणि मी हलवलेलं घमेलं आजवर कधी चुकीचं नव्हतं.

गाडी साडेनऊला आली. आवाराच्या दारावर दोन नवे पहिलवान उभे होते, राणीने आणलेले, चांगले इस्त्रीचे शर्ट घालून. गाडी वळली आणि थांबली. चाकापुढे फोसुआ बसली होती.

तिचा जबडा तारेने बांधलेला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं. सकाळपर्यंत तिचं घमेलं पहिलं होतं, दोन महिने वाट पाहिल्यावर. तिला बोलता येत नव्हतं. ती नुसती बसली होती, पाय पसरून, पाठ गाडीच्या लोखंडाला टेकवून, आणि माझ्याकडे बघत होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. नवे पहिलवान पुढे सरकले, तसा बायकांच्यात गलका झाला, दोघी-तिघींनी फळ्या उचलल्या.

"त्यांनी हात लावायचा नाही," राणी म्हणाली. "आकुआ, तू उचल तिला."

फळ्या तिथेच थांबल्या. माझ्यावर त्या उगारल्या गेल्या नसत्या, हे राणीला ठाऊक होतं. मला नाही म्हणता आलं असतं. पोमाच्या दारातही आलं असतं. सतरा वर्षं मी रांग राखली असं सगळे म्हणतात, मीही म्हणत आले, आणि त्या उन्हात उभी असताना मला लख्ख कळलं की मी रांग कधी राखलीच नव्हती, मी राणीचा शब्द राखत होते. कळलं, आणि तरी मी पुढे गेले.

मी फोसुआच्या काखेत हात घातले आणि तिला उचललं. पोरासारखी हलकी होती. तिने पाय झाडले, नखांनी माझी मान सोलली. मग तिने मान फिरवली आणि माझ्या खांद्यात दात रुतवले, उरले होते तेवढे, आणि तारा तुटून तिच्याच हिरडीत घुसल्या तरी सोडलं नाही. माझ्या पाठीवरून ओघळणारं रक्त माझं होतं की तिचं, मला कळलं नाही. मी तिला तशीच धरून बाजूला उभी राहिले. गाडी आत गेली, आणि दुसरी यायच्या आत मी तिला तिच्या घमेल्याजवळ नेऊन बसवलं.